घाईचा डाव

गेल्या वर्षी पावसाळ्यातल्या एका रविवारी मी नातवाला घेऊन सांगलीला एका बुद्धिबळ स्पर्धेला गेलो होतो. स्पर्धा मंगल कार्यालयात होती. एरवी जिथं पंगती बसतात तिथं लांबच लांब टेबलं मांडलेली, त्यांवर पट आणि प्रत्येक पटाशेजारी एक घड्याळ. सकाळी साडेनऊला पहिली फेरी सुरू झाली आणि संध्याकाळी सहाला बक्षीस समारंभ. एका दिवसात आठ फेऱ्या! एका डावासाठी प्रत्येक मुलाला १५ मिनिटं, आणि दर चालीमागे ५ सेकंद वर.

सहाव्या फेरीत नातू हरला. डाव त्याच्या हातात होता, एक हत्ती जास्त होता. पण घड्याळात वेळ उरला नाही. बाहेर येऊन म्हणाला, "नाना, टाइम गेला," आणि सरळ वडापावच्या गाडीकडे वळला. त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते मला. ज्याचा डाव चांगला तो जिंकतो, असं मी आजवर समजत आलो होतो. इथं ज्याच्या घड्याळात वेळ शिल्लक तो जिंकला होता.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. बुद्धिबळासारखा बैठकीचा, सबुरीचा खेळ असा घाईला का आला? मी काही बुद्धिबळाचा जाणकार नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण प्रश्न पडला म्हणून वाचत गेलो, मुलांच्या प्रशिक्षकांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी मी खेळ कसा पाहिला ते सांगतो. माझे अब्बा मिरजेत शिंपीकाम करायचे. दुकान बंद झालं, इशाची नमाज झाली, की कापड बेतायच्या टेबलावर पट मांडला जायचा. समोर कधी शेजारचे गुरुजी, कधी सतारी बनवणारे एक चाचा, आणि कुणीच नसलं तर मी. घड्याळ नसायचंच. एकेका चालीला अर्धा-पाऊण तास जायचा. चहा यायचा, थंड व्हायचा. डाव पुरा झाला नाही तर पटावर अस्तराचं कापड टाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. मी घाई केली की अब्बा म्हणायचे, "बेटा, पटावरचं सगळं मागं येतं, प्यादं तेवढं येत नाही. म्हणून ते टाकायच्या आधी बसून घ्यावं."

असा खेळ बघितलेल्या माणसाला वाटणारच की पूर्वी सगळं निवांत होतं आणि आताच घाई आली. पण वाचायला लागल्यावर माझा हा समज टिकला नाही. बुद्धिबळाची घाई फार जुनी आहे. इराणातून आणि बगदादेतून युरोपात गेलेल्या शतरंजमध्ये वजीर तिरका एकच घर सरकायचा. प्यादं एकच घर जायचं. सैन्यं समोरासमोर यायलाच कितीतरी चाली लागायच्या. साधारण पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडे नियम बदलले. वजिराला सगळीकडे धावण्याची मुभा मिळाली, उंट लांब पल्ल्याचा झाला. प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरांची परवानगी मिळाली तीही डाव लवकर रंगावा म्हणूनच. सत्यजित राय यांचा १९७७ सालचा 'शतरंज के खिलाडी' ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, १८५६ च्या लखनौत बसलेल्या त्या दोन नवाबी खेळाडूंना एक शेजारी इंग्रजांच्या पद्धतीचे नियम समजावून सांगतो. ती पद्धत लवकर डाव संपवणारी आहे, हे ऐकून दोघांना नवल वाटतं. अब्बा जुन्या देशी पद्धतीनेच शिकलेले. पुढे तेही प्यादं दोन घरं टाकायला लागले, पण कुरकुरत.

घड्याळाचंही तसंच. १८५१ साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा वेळेचं बंधन नव्हतं. काही खेळाडू एकेका चालीवर इतके बसत की त्या काळचा बिनीचा खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यानं आपल्या एका प्रतिस्पर्ध्याच्या संथपणावर जाहीरपणे राग काढला होता. दहा वर्षांनी, १८६१ मध्ये, अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली. दोन तासांत २४ चाली करायच्या. १८८३ च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळ आलं. म्हणजे घड्याळ हे बुद्धिबळात बाहेरून घुसलेलं नाही. समोरच्याला ताटकळत ठेवायचा हक्क कुणाला किती, एवढाच तो प्रश्न होता.

मग गेल्या तीसेक वर्षांत नवीन काय झालं?

पहिलं कारण संगणक. पूर्वी मोठ्या स्पर्धेत डाव पाच तासांत संपला नाही की तहकूब व्हायचा. ज्याची चाल असेल तो ती कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचांकडे द्यायचा. रात्रभर दोघंही आपापल्या साथीदारांबरोबर त्या डावावर डोकं लढवायचे आणि नंतर पाकीट फोडून डाव पुढे चालायचा. अब्बांच्या अस्तराच्या कापडाचंच हे थोरलं रूप. पण १९९७ मध्ये 'डीप ब्लू' या यंत्रानं गॅरी कास्पारॉव्हला हरवलं, तोपर्यंत घरोघरचे संगणकही चांगलं खेळू लागले होते. रात्री डाव तहकूब झाला तर सकाळी खेळाडू खेळणार की त्याच्या खोलीतलं यंत्र? म्हणून त्या दशकात तहकुबी बंद झाली. डाव एका बैठकीत संपवायचा ठरला, आणि एका बैठकीत संपवायचा म्हटल्यावर वेळ आटणं आलंच.

यंत्रानं दुसरंही एक केलं. सुरुवातीच्या वीस-पंचवीस चाली मोठे खेळाडू घरूनच पाठ करून येऊ लागले. ज्या चाली शोधायला पूर्वी पटापुढे तास तास घालवावा लागे, त्या आता दोघांनाही मुखोद्गत असतात. अशा तयारीवर वर दोन तासांचा वेळ मिळाला तर चूक होणार कुठून? बरोबरी वाढली. २०१८ मध्ये लंडनला मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं आधी घडलं नव्हतं. शेवटी निकाल लागला तो जलद डावांत. कार्लसननं ते ३-० असे जिंकले. तीन आठवडे संथ खेळात जे ठरलं नाही ते एका दुपारी ठरलं.

या दुखण्यावर दोन औषधं निघाली. एक बॉबी फिशरनं १९९६ मध्ये सुचवलं: मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची मांडणीच दर डावाला बदला, म्हणजे पाठांतर कामाला येणार नाही. अशा ९६० मांडण्या होतात. दुसरं औषध सोपं, वेळ कमी करा. वेळ कमी झाला की पाठ केलेलं लवकर संपतं आणि माणूस एकटा उरतो. चुका होतात, आणि चुका झाल्या की डाव निकाली निघतो.

या औषधाला प्रतिष्ठा मिळाली तीही फिशरच्याच एका कल्पनेमुळे. त्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा घड्याळाचं पेटंट घेतलं, की ज्यात प्रत्येक चालीनंतर खेळाडूच्या खात्यात काही सेकंद जमा होतात. त्याआधी शेवटच्या मिनिटाला नुसती हाणामारी व्हायची, मोहरे पटावरून खाली पडायचे. सेकंद जमा होऊ लागल्यावर थोड्या वेळातही नीट खेळता येऊ लागलं. आज जागतिक जलद स्पर्धेत, म्हणजे रॅपिडमध्ये, १५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद मिळतात. ब्लिट्झमध्ये ३ मिनिटं आणि २ सेकंद. जागतिक महासंघ २०१२ पासून या दोन्ही प्रकारांची वेगळी मानांकनं ठेवतो.

दुसरं कारण पैसा आणि प्रेक्षक. १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्कोला कार्पॉव्ह-कास्पारॉव्ह सामना सुरू झाला. सहा डाव जिंकेल तो विजेता, असा नियम. पाच महिने झाले, ४८ डाव झाले, त्यातले ४० बरोबरीत, आणि १९८५ च्या फेब्रुवारीत निकाल न लावताच सामना थांबवावा लागला. आजचा कोणता पुरस्कर्ता असा सामना पोसेल? आणि पडद्यावर बघणाऱ्याला दोन माणसं चाळीस मिनिटं हनुवटीला हात लावून बसलेली किती वेळ बघवतील? तीन मिनिटांचा डाव शेजारणीलाही समजतो. निदान कोण घाबरलंय ते तरी समजतं.

तिसरं कारण महामारी. २०२० मध्ये सगळं जग घरात कोंडलं गेलं तेव्हा स्पर्धा इंटरनेटवर आल्या, आणि त्या बहुतेक जलद होत्या. त्यातही संशयाचा भाग होता. घरात बसलेला खेळाडू दोन तासांच्या डावात यंत्राला हळूच विचारू शकतो. तीन मिनिटांत त्याला तेवढी उसंत मिळणं अवघड. म्हणजे एका परीनं वेग हाच पहारेकरी झाला. लाखो नवी माणसं तेव्हा या खेळात आली, आणि ती आली तीच मुळी जलद खेळाच्या दारातून. २०२५ मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळ घेतलं गेलं, तेव्हा डाव दहा मिनिटांचे होते आणि वर सेकंद मिळत नव्हते.

चौथं कारण कुठल्या मोठ्या माणसाच्या मुलाखतीत सहसा सापडत नाही. मला ते मंगल कार्यालयाच्या बाहेर सापडलं. तिथं डबे घेऊन बसलेल्या पालकांशी बोलत होतो. एक जण ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये कामाला होता, मुलीला घेऊन आला होता. म्हणाला, "चाचा, क्लासिकलची स्पर्धा म्हणजे पाच दिवस. पाच दिवसांची रजा, लॉजचं भाडं, दोघांचं जेवण. हे रविवारचं परवडतं." भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून सांगलीला या खेळाचं गाव केलं. त्या गावात मी हे ऐकत होतो. संथ खेळ महाग आहे, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. अब्बांना तो फुकट होता, कारण टेबल त्यांचं, रात्रही त्यांची.

आपल्याकडचीच दोन ताजी उदाहरणं घ्या. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी कोनेरू हंपी आणि नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख यांच्यात झाली. दोन्ही संथ डाव बरोबरीत. मग जलद डाव. पहिला बरोबरीत, दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली, विश्वचषक विजेती झाली आणि ग्रँडमास्टरही. आणि हंपी कोण? २०१९ आणि २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती! त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्यात खुल्या गटाचा विश्वचषक झाला. तिथंही उझबेकिस्तानच्या सिंदारोव्हनं चीनच्या वे यीला हरवलं ते दोन बरोबऱ्यांनंतर, जलद डावांतच. विश्वनाथन आनंदला या दाराचा दोन्ही बाजूंनी अनुभव आहे. १९९८ मध्ये लॉसानला कार्पॉव्हशी तो जलद डावांत हरला, आणि २०१२ मध्ये मॉस्कोत गेलफांडला जलद डावांतच हरवून त्यानं जगज्जेतेपद राखलं.

या सगळ्याला खेळाडूंचीही संमती आहे. कार्लसननं २०२२ मध्ये जाहीर केलं की आपण जगज्जेतेपदाचा सामना पुन्हा खेळणार नाही. पण जलद आणि ब्लिट्झच्या जागतिक स्पर्धांत तो उतरतच राहिला. २०२५ मध्ये नॉर्वेतल्या संयोजकांनी जागतिक महासंघाच्या मान्यतेनं एक नवी मालिका जाहीर केली. तिच्यातला सगळ्यात संथ प्रकार ४५ मिनिटांचा आहे!

आता तुम्ही म्हणाल, एवढी कारणं पटली तर मग तक्रार कसली? खरं सांगतो, मंगल कार्यालयातून परतताना होती तेवढी तक्रार आज उरलेली नाही. जलद म्हणजे उथळ, हा माझा समज चुकीचा होता. हॉलंडचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रोट स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. त्यांनी १९४० च्या दशकात एक प्रयोग केला. डावातली एखादी स्थिती काही सेकंद दाखवायची आणि झाकायची. निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी मांडून दाखवत. नवख्यांना पाच-सहा मोहरेही आठवत नसत. म्हणजे निष्णात माणूस घाईत विचार करत नाही. तो ओळखतो, आपण गर्दीत ओळखीचा चेहरा ओळखतो तसा. आनंद २०१७ मध्ये, ४८ व्या वर्षी, विशीतल्या पोरांना मागे टाकून जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झाला तो यामुळेच.

आमच्या मिरजेत याला दुसरा दाखला आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथलेच झाले. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. त्यांच्या जुन्या तबकड्या आठवा. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ब्लिट्झच म्हणायचा! तेवढ्यात ते राग उभा करत. कंपनीची तबकडीच तेवढी होती, त्यांचा इलाज नव्हता. पण त्या तीन मिनिटांमागे विलंबितातली कितीतरी वर्षं होती. एकेका सुरावर तास तास बसलेला गवई तबकडीवर घाईत असला तरी गाण्यात घाई नसते.

माझी भीती एवढीच आहे. तबकडीवरून गाणं शिकलेला पुढे काय गाईल? ज्यांनी संथ खेळात पाया घातला त्यांचा जलद खेळ आज आपण बघतो आहोत. नातवाच्या वयाची मुलं पहिल्या दिवसापासून तीन मिनिटांवरच वाढली, तर ओळखायला त्यांच्याकडे चेहरे येतील कुठून? २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला गुकेश वयाच्या १८ व्या वर्षी जगज्जेता झाला तो संथ सामन्यात. चौदावा, शेवटचा डाव बरोबरीकडे झुकला होता. कुणीही हात मिळवून मोकळं झालं असतं. तो बसून राहिला, खेळत राहिला, आणि ५५ व्या चालीला डिंग लिरेनचा हात चुकला. ती बसून राहण्याची ताकद तीन मिनिटांच्या खेळात शिकता येत नाही.

दहाव्या शतकात बगदादच्या दरबारात अबू बक्र अस्-सूली नावाचा माणूस होता. कवींचे दिवाण जुळवणारा विद्वान आणि त्या काळचा शतरंजचा अजोड खेळाडू. त्यानं मागे ठेवलेलं एक कोडं सुमारे हजार वर्षं कुणाला सुटलं नव्हतं. १९८० च्या दशकात युरी अवेरबाख या रशियन ग्रँडमास्टरनं ते सोडवलं. एक चाल हजार वर्षं वाट बघत राहिली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातला एक डाव आठवला.

अब्बांना पक्षाघात झाला त्या वर्षीची गोष्ट. उजवा हात गेला होता, डाव्या हातानं मोहरे सरकवायचे. चाल सुचायला पूर्वीपेक्षाही वेळ लागायचा. त्या संध्याकाळी मला पुण्याला कविसंमेलनाला जायचं होतं. डाव ऐन रंगात, चाल त्यांची, आणि माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी म्हणालो, "अब्बा, करा ना लवकर, माझी गाडी चुकेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. म्हणाले, "तू जा बेटा. मी विचार करून ठेवतो." आणि डाव्या हातानं पटावर कापड ओढलं. मी डावाची स्थिती निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे उतरवून घेतली आणि निघालो. तिसऱ्या दिवशी परतलो तेव्हा अब्बा दवाखान्यात होते. ते घरी आले नाहीत. तेव्हा कुणाच्या हातात यंत्र नव्हतं, इंटरनेट नव्हतं. घाई माझ्यातच होती.

ती निमंत्रणपत्रिका अजून माझ्याजवळ आहे. स्पर्धेनंतरच्या आठवड्यात मी ती नातवाला दाखवली. त्यानं लगेच फोन काढला. "नाना, मांडून बघू का? एका मिनिटात सांगेल." मी त्याचा हात धरला. म्हटलं, यंत्राला नको विचारू. आपण बसू.

पहिल्या रविवारी तो वीस मिनिटांत कंटाळला. दुसऱ्या रविवारी तासभर बसला. आता त्याचं म्हणणं आहे की अब्बांनी घोडा मागे घ्यायला हवा होता, मी म्हणतो प्यादं टाकायला हवं होतं. वाद मिटलेला नाही. तो अजूनही दर रविवारी सकाळी जलद स्पर्धा खेळायला जातो आणि मी त्याला आनंदानं घेऊन जातो. संध्याकाळी परत आलो की अब्बांच्या जुन्या टेबलावर पट मांडतो. झोपायच्या वेळेपर्यंत काही सुचलं नाही तर तोच उठून त्यावर कापड टाकतो.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)